सेलचं घर

दिवस बुडता बुडता धम्मदीप वावरातून आला तो झटका मशीन खांद्यावर घेऊनच. ही मशीन वावरातल्या खांबावरून कधी हलायची नाही. ती ओसरीवर ठेवून तो भिंतीला टेकून बसला आणि पाणीसुद्धा मागेना, तेव्हा चुलीपुढून इंदूबाईंनी विचारलं, "काय झालं गा?"

"बॅटरी फुगली. मेली."

संध्या परातीत पीठ मळत होती. तिचे हात तिथंच थांबले. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला पुढचं विचारायची भीती वाटली.

यंदा सोयाबीन पावसात सडलं होतं आणि वर्षाची सगळी भिस्त त्या दोन एकर हरभऱ्यावर होती. हरभरा चांगला होता. फुलं गळून घाटे धरत होते, आणि नेमक्या याच दिवसांत डोंगराकडून रानडुकरं उतरतात. डुक्कर खातं थोडं आणि तुडवतं फार. म्हणून धम्मदीपनं दिवाळीआधीच वावराभोवती खुंट्या ठोकून बारीक तार ओढली होती. मशीन त्या तारेतून टक टक करत झटके सोडायची. जनावर दचकून मागं उडायचं आणि पळून जायचं. जिवाला धोका नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. तरी खात्री करायला धम्मदीपनं स्वतःचं बोट तारेला लावून पाहिलं होतं आणि त्यानंतर बराच वेळ तो कोणाशी बोलला नव्हता. इंदूबाई ती गोष्ट येईल त्याला हसून सांगायच्या. आज त्याही हसल्या नाहीत.

"नवी बॅटरी?" संध्यानं शेवटी विचारलंच.

"तूर निंघू दे. मंग पाहू."

"तवरोक डुकरं थांबतीन काय?"

जेवताना धम्मदीपनं भाकरीचा एक तुकडा हातात धरून ठेवला आणि तसाच परत ताटात टाकला.

सकाळी सूर्यभान आला. त्याचं वावर यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. विहीर, मोटर, स्टार्टरची पेटी, सगळं तिथंच, धुऱ्याच्या अंगाला. माणूस वाईट नव्हता. सोयाबीन सडलं तेव्हा त्यानं न मागता आपला ट्रॅक्टर पाठवला होता, आणि त्याचं बोलणं टाळणं कठीण होतं ते त्यामुळेच. ओट्यावर बसून त्यानं मशीनवर टिचकी मारली.

"उतरवली म्हंतात तुनं."

"बॅटरी गेली भाऊ."

"मंग एवढं तोंड पाडून काहून बसून राहिला? माह्या स्टार्टरवरून एक तार ओढ अन् टाक आकडा. या हप्त्यात लाईन रातचीच हाय, सकाऊनपर्यंत राह्यते. डुक्कर आलं का जागीच आडवं."

"डायरेक?" धम्मदीपनं विचारलं.

"डायरेक नाई तं काय. पल्याडचे सारे तेच करून राहिले. कोणी बोलत नाई एवढंच."

संध्या दारात येऊन उभी राहिली. "अन् भाऊ, माणूस आलं तं?"

"रातचं कोणतं माणूस येते बाई वावरात?" सूर्यभान हसला. "जे येते थे चोरच असंन."

तो गेला, पण त्याचं बोलणं ओसरीवर राहिलं. संध्याच्या माहेरी नत्थुजी नावाचा गडी अशाच तारेला चिकटून मेला होता. दुसऱ्याच्या वावराला पाणी द्यायला निघालेला माणूस, अंधारात पाय पडला आणि संपला. तार लावणारा शेतकरी अजून तारखांना जातो, आणि नत्थुजीची बायको लोकांच्या वावरात निंदायला जाते. संध्यानं हे धम्मदीपला सांगितलं, तर तो म्हणाला, "मले माईत हाय." पण तो म्हणाला ते मशीनकडे बघून, तिच्याकडे बघून नाही.

दुपारच्या एसटीनं धम्मदीप परतवाड्याला गेला. लग्नाच्या मंडपांना लाइटच्या माळा लावायचं काम तो पूर्वी करायचा, तेव्हाचा ओळखीचा किशोर आता फवारणीचे पंप दुरुस्त करत होता. त्यानं भंगारात काढलेल्या पंपांच्या बॅटऱ्या फोडून आतले सेल दिले. अंगठ्यापेक्षा थोडे जाड, निळे, गोल सेल. सगळेच मेलेले नव्हते. एखादा मेला म्हणून अख्खी बॅटरी फेकलेली. धम्मदीप पिशवी घेऊन आला तेव्हा त्याच्या बोलण्यात जरा जीव आला होता.

"तीन सेल एकामांगं एक लावले का मशीन चालते. पण यायले सोल्डरचा डाग द्याचा नाई म्हणे. जास्त तापले तं फुटतात. अन् चार्जिंग एकेकाची अलग कराची, मोबाईलच्या चार्जरवर. म्हंजे रोज काढाचे, रोज घालाचे."

"मंग यायले घर पायजे," इंदूबाई म्हणाल्या.

"घरच पायजे. आयतं भेटत होतं, पण थे खेळण्यातलं. पहिल्याच हप्त्यात तुटलं असतं."

दुसऱ्या दिवशी अंगणात घर बांधायला सुरुवात झाली. धम्मदीपनं पाण्याच्या पाइपाचा उरलेला तुकडा आरीच्या पात्यानं उभा चिरला. नळीसारख्या त्या पन्हळीत तीन सेल एका रांगेत बसले. दोन्ही टोकांना लाकडाचे गुट्टे ठोकले. आता गुट्ट्यावर पट्टी हवी होती, सेलचं तोंड तिला टेकायला. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून पाहिला, तर त्याच्यावरचा रंग खरवडता खरवडता संध्याच्या बोटाचं सालटं निघालं. मग इंदूबाईंनीच माळ्यावरून जुना रॉकेलचा स्टोव्ह काढून दिला. त्यांच्या लग्नातला. त्याची टाकी पितळेची होती.

"कापू काय माय?" धम्मदीपनं विचारलं.

"काप. रॉकेल का आता सरकार देते?"

पट्ट्या निघाल्या, पण काळ्याकुट्ट. संध्यानं चिंचेसाठी डबा पाहिला, तो रिकामा. मग तिला फळीवरची आंबेची बाटली दिसली. हरभऱ्यावर पहाटे जे दव पडतं ते आंबट असतं. स्वच्छ धोतर झाडांवरून ओढायचं, ते भिजलं की पिळायचं, त्याला आंब म्हणतात. पोटदुखीवर घोटभर पुरते. गावात आंब काढणारी गंगूबाई एकटीच उरली होती. कोणाच्याही हरभऱ्यात तिला मनाई नव्हती, आणि ज्याच्या वावरातून आंब काढली त्याच्या घरी एक बाटली आणून द्यायची हा तिचा नेम होता. संध्यानं त्या आंबेत चिंधी बुडवली आणि पट्ट्या घासल्या. पितळ असं लखलखलं, की इंदूबाई म्हणाल्या, "माह्या लग्नातबी एवढा चमकत नव्हता."

धम्मदीपनं पट्ट्या ठोकल्या. लिहायच्या पेनांतल्या स्प्रिंगा काढून एका टोकाला बसवल्या, म्हणजे सेल दाबून राहतील. सांजेला वावरात मशीन खांबावर चढली, सेलचं घर तिच्या खाली सुतळीनं बांधलं, आणि टक टक सुरू झालं. धम्मदीपनं संध्याकडे पाहिलं. लग्नात माळ पेटल्यावर तो असंच बघायचा म्हणे, किशोर सांगायचा. त्या दिवशी दोघं घरी आले ते गप्पा मारतच.

सकाळी वावराचा खालचा कोपरा नांगरल्यासारखा पडला होता.

मशीन मुकी होती. हरभऱ्याची झाडं मुळासकट उपटून चघळून टाकलेली, घाटे चिखलात दाबलेले. धम्मदीप त्या कोपऱ्यात उकिडवा बसला आणि एकेक झाड उचलून, जणू परत लावता येईल असं, बाजूला ठेवू लागला. संध्याला ते बघवेना. पलीकडे सूर्यभानच्या कापसात वेचणीच्या बाया होत्या. त्यांतली शकुन, जिची जीभ कधी जागेवर नसते, ती धुऱ्यापर्यंत आली आणि खांबाखालच्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय व्हय वं संध्या? डुकराले पुंगी वाजवून दाखोता काय?"

बाया हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. धम्मदीपच्या मानेची शीर ताठ झालेली संध्याला मागून दिसली. त्यानं उठून सुतळी तोडली, सेलचं घर हिसकून काढलं आणि धुऱ्यावर फेकून दिलं.

"आज तार ओढतो," तो म्हणाला. "बस झालं."

"अवो, ऐका तं."

"काय ऐकू? एक कोपरा गेला. आज दुसरा जाईन. तू मले खायाले काय देशीन, नत्थुजीची गोष्ट?"

असं तो कधी बोलत नसे. संध्यानं धुऱ्यावरून पाइप उचलला, पदराखाली धरला आणि घरी आली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली भीती होती.

ओसरीवर बसून तिनं एकेक सेल काढला. पहिला निघाला तोच तिला दिसलं. पितळेच्या पट्टीवर हिरवट कळंक चढला होता. स्प्रिंगेचं टोकही तांबारलं होतं. तिनं पट्टीला बोट लावून जिभेवर टेकवलं. आंबट. भांडं आंबेनं घासलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं धुवायचं, नाहीतर कळकतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पट्टीला ती भांडं समजली नव्हती. घासली, पुसली, दिली. कोपरा डुकरांनी खाल्ला होता, पण त्यांना वाट तिनं दिली होती.

सांगावं की नाही, याचा तिनं भाकरी होईपर्यंत विचार केला. धम्मदीप जेवायला बसला तेव्हा ताटाशेजारी तिनं पाइप ठेवला.

"चूक माही हाय. म्या आंबेनं पट्ट्या घासल्या अन् धुतल्या नाई. तुमच्या कामात खोट नव्हती."

तो बघत राहिला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मले सांजेपर्यंत द्या," ती म्हणाली. "तवरोक नाई झालं तं तुमी तुमचं करा."

"अन् रातचं बंद पडलं तं?"



त्या दुपारी तिनं घरातलं दुसरं काही केलं नाही. पट्ट्या उपटून काढल्या, राखेनं घासल्या, तीन पाण्यांनी धुतल्या, उन्हात वाळवल्या. इंदूबाईंनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी दिली. त्याचा नुसता बोटभर हात पितळेवर फिरवला. लांब रांगेत सेल हलतात हे धम्मदीपनं न बोलता पाहिलं होतं. त्यानं पन्हळीचे तीन तुकडे केले, प्रत्येक सेलला वेगळं घर दिलं आणि तिन्ही घरं तारेच्या तुकड्यांनी एकमेकांना जोडली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून संध्यानं ते प्रत्येक घरावर आडवे-उभे चढवले, गुट्टे आत दाबले जातील असे. हात लावून हलवलं तरी सेल हलेना. वर दव नको म्हणून लोणच्याची प्लास्टिकची बरणी उपडी घातली. दोघं शेजारी बसून काम करत होते, पण धम्मदीप "पक्कड दे" आणि "धर" यापलीकडे एक शब्द बोलला नाही.

काम करता करता संध्याच्या मनात गंगूबाई आली. म्हातारी पहाटे येते. तिला कमी ऐकू येतं, दिसतंही बेताचंच. तिला जाऊन सांगावं, मावशी, चार दिवस आमच्या वावरात येऊ नको. पण का, असं ती विचारेल. चारचौघींत विचारेल, मोठ्यानं विचारेल. आणि धम्मदीप डायरेक्ट तार लावणार आहे हे एकदा गावात झालं, की मग पोलीस यायला कितीसा वेळ. आणि लावलीच नाही तर फुकट बदनामी. संध्या दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. शेवटी ती गेली नाही.

सांजेला मशीन पुन्हा टकटकू लागली. या वेळी कोणी कोणाकडे पाहिलं नाही. धम्मदीप म्हणाला, "मी इथंच राह्यतो आज. तू जाय."

"तार तं नाई ना जोडत?"

"चालू हाय ना मशीन. जाय."

हे उत्तर नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी ती गेली.

झोप अशी लागलीच नाही. झुंजूमुंजू होताच तिनं तोंडावर पाणी मारलं. अंगणात इंदूबाई शेकोटी पेटवत होत्या.

"त्याच्यासाठी चहा घेऊन जाय," त्या म्हणाल्या. "बिचारा थंडीत कुडकुडला असंन. थो सूर्यभानबी लय चांगला हाय बाई. काल सांजेले तू हातपाय धुवाले गेली तवा तारेचं बंडल देल्लं त्यानं. खांद्यावर घेऊन तुह्याआधीच वावरात गेला धम्मदीप. मले वाटलं तुले माईत असंन."

संध्याच्या हातात कप होता. तो तिनं कुठं ठेवला हे तिला नंतर आठवलं नाही.

ती पळाली. पायात चप्पल नव्हती, वाटेतली काळी ढेकळं दवानं ओली झाली होती आणि पाय घसरत होते.  गावाबाहेरचा नाला ओलांडताना ती एकदा पडली, गुडघा फुटला, उठली. सूर्यभानच्या मोटरीचा आवाज लांबूनच येत होता. म्हणजे लाईन होती. म्हणजे अजून होती. मी का सांगितलं नाही, मी का सांगितलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

वळणावर आली आणि तिला पांढरं धोतर दिसलं.

गंगूबाई धुऱ्याजवळच्या हरभऱ्यात वाकली होती. पातळाचा काचा मारलेला, पाय उघडे, ओले. तारेच्या आत ती कधी आणि कशी गेली देव जाणे. आता परत बाहेर निघत होती, आणि थबथबलेलं धोतर तिच्या दोन्ही हातांत होतं.

"मावशी! तारेले हात नको लावू! मावशी!"

म्हातारीनं मान वर केली नाही. तिनं एक पाय उचलला आणि ओल्या धोतराचं टोक तारेवर लोंबलं.

गंगूबाई मागं उडाली आणि हरभऱ्यात बसकण मारून पडली.

  उजाडलेलं वावर, धुकं, आणि पडलेली म्हातारी. हललं काहीच नाही.

मग हरभऱ्यातून आवाज आला. "कोणत्या मुडद्यानं चालू ठेवली वं ही मशीन? हात झिणझिणून गेला माहा. आग लागो त्याच्या वावराले."

शिव्या चालूच राहिल्या. गंगूबाईला येत होत्या त्या सगळ्या तिनं दिल्या, आणि संध्या धुऱ्यावर बसून त्या ऐकत राहिली. इतकं गोड बोलणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मोटरीचा आवाज मध्येच थांबला, लाईन गेली असावी, आणि तेव्हा तिला ते ऐकू आलं. टक. टक. टक. बरणीखालचे तिन्ही सेल आपापल्या घरात बसून होते.

ती उठली ती मशीन बंद करायला. खांबाशी पोचून मशीन बंद केली, तर खांबाला गुंडाळलेली दुसरी तार दिसली. काळी, जाड, नवी. ती धुऱ्यावरून सूर्यभानच्या विहिरीकडे गेली होती. संध्या तिच्या बाजूनं चालत गेली. मोटरीच्या खोलीत, स्टार्टरच्या उघड्या पेटीपुढं, धम्मदीप पोत्यावर उकिडवा बसला होता. तारेचं दुसरं टोक, आकडा वाकवून तयार केलेला, त्याच्या हातात होतं. डोळे लाल. तो झोपला नव्हता.

"जोडली नाई," तो म्हणाला. "रातभर घडीघडी खांबापाशी जाऊन टकटक ऐकली. मनात म्हटलं, बंद पडली का जोडतो. मशीन तारेवरून सोडवाची, ही तार तिथं जोडाची अन् हा आकडा टाकाचा, दोन मिंटाचं काम." त्यानं आकड्यावरून अंगठा फिरवला. "पडलीच नाई बंद."

"गंगूमावशी तारेले लागली आता," संध्या म्हणाली.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो हातातल्या आकड्याकडे बघत राहिला आणि तो जमिनीवर ठेवायलासुद्धा त्याला जमेना.

तेवढ्यात गंगूबाई लंगडत दारात आली. खांद्यावर ओलं धोतर, केसांत हरभऱ्याचा पाला. "इथं लपून बसला काय? सारं गाव म्हंते मशीन घरी नेली, म्हणून म्या बिनधास्त गेली. वावरात येऊ द्याचं नसंन तं तोंडानं सांगाचं होतं. मी का डुक्कर हाय गा?"

धम्मदीपनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. दोन्ही हातांत तोंड घालून तो लहान पोरासारखा हमसाहमशी रडू लागला. संध्या भिंतीला धरून उभी राहिली. 

म्हातारी गडबडली. तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं त्याच्या शेजारी बसून आपला थंड, ओला हात त्याच्या पाठीवर फिरवला.

"उगी राय बाप्पा," ती म्हणाली. "एवढं काई नाई लागलं मले."